व्हीलचेअर बास्केटबॉल: नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरावाला येणारी पोरं, त्यांचे आईवडील, 'मेडिकल'च्या (नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) वॉर्डातून फोन करणारे कुणाचे तरी भाऊ, आणि कोर्टाबाहेर उभं राहून बघणारे लोक सारखं जे विचारतात ते इथे एका जागी आणलं आहे. मी पाठीच्या कण्याच्या दुखापतीनंतर खेळायला लागलो आणि दीड पॉइंटचा खेळाडू आहे (पॉइंट म्हणजे काय ते प्रश्न २ मध्ये). त्यामुळे काही उत्तरांत कमी पॉइंटवाल्यांची बाजू जरा जास्त दिसेल. ती मुद्दाम घेतली आहे.

१. हा खेळ सोपा करून ठेवलेला असतो का? रिंग खाली असते का?

रिंग ३.०५ मीटरवरच असते. कोर्ट २८ बाय १५ मीटर, दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, २४ सेकंदांत शॉट, तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर. सगळं उभ्या खेळासारखंच. बसून तिथून चेंडू टाकून पाहा, मग सोपं की अवघड ते आपोआप कळतं.

नियम बदलतात ते खुर्चीमुळे. चेंडू मांडीवर ठेवून चाकाला जास्तीत जास्त दोन पुश देता येतात, मग तो टप्पा पाडावा लागतो किंवा पास करावा लागतो. तिसरा पुश दिला की ट्रॅव्हलिंग. डबल ड्रिबल मात्र इथे नाही, म्हणजे टप्पा थांबवून पुन्हा सुरू करता येतो. खुर्ची हा खेळाडूच्या शरीराचाच भाग धरतात, म्हणून खुर्चीने दिलेला धक्का हा तुमचाच फाउल. फायदा मिळवायला बूड सीटवरून उचललं तर टेक्निकल फाउल. फ्री थ्रो आणि तीनच्या शॉटला मोठी चाकं रेषेच्या मागे हवीत, पुढची छोटी कास्टर रेषेवरून पुढे गेली तरी चालतात. नवीन पंच हे शेवटचं हमखास विसरतात.

२. 'पॉइंट' म्हणजे काय? माझ्या मुलाला १ पॉइंट दिला, म्हणजे तो कच्चा आहे का?

प्रत्येक खेळाडूला १.० ते ४.५ मध्ये अर्ध्या-अर्ध्याच्या फरकाने एक आकडा मिळतो. धडावर ताबा किती, पुढे वाकून स्वतःच सरळ होता येतं का, बाजूला झुकता येतं का, यावर तो ठरतो. ज्याला धड सावरायला एक हात खुर्चीला धरावा लागतो तो १.० च्या आसपास. ज्याला सगळ्या दिशांना मोकळं झुकता येतं तो ४.५. कोर्टावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये.

आता हिशेब मांडा. साडेचारचे तीन घेतले की साडेतेरा झाले, उरला अर्धा पॉइंट आणि जागा दोन. संघच उभा राहत नाही. म्हणून प्रत्येक कोच एक-दीडचे चांगले खेळाडू शोधत फिरत असतो. तुमच्या मुलाचा आकडा हा त्याच्या खेळाचा मार्क नव्हे. शाळेच्या गुणपत्रिकेसारखा तो वाचू नका, आणि नातेवाइकांनाही तसा सांगू नका.

३. प्रमाणपत्रावर ८० टक्के लिहिलंय. मग पॉइंट किती?

त्यावरून काहीच सांगता येत नाही. यूडीआयडी कार्डावरचे, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्रावरचे, टक्के सरकारी सवलतींसाठी असतात. पॉइंट ठरवणारे क्लासिफायर कागदपत्रं बघतात, पण मुख्य म्हणजे तुम्हाला तुमच्याच खुर्चीत, तुमचे पट्टे बांधून, प्रत्यक्ष खेळताना बघतात. टक्के जास्त असलेला माणूस पॉइंटांतही वर असू शकतो. आकडा खाली यावा म्हणून मुद्दाम कमी हलून दाखवण्याची हुशारी करू नका. सामन्यातही ते बघत असतातच, आणि रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून परत आलेल्या चेंडूला, झेपावताना सोंग टिकत नाही.

४. एक पॉइंटवाला कोर्टावर करतो तरी काय? त्याच्याकडे बॉल तर येतच नाही.

हा प्रश्न प्रेक्षकांकडून फार येतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

खुर्ची आडवी सरकत नाही. पायांवर उभा माणूस अडवला गेला तर एक पाऊल बाजूला टाकून निसटतो. खुर्चीवाल्याला आधी थांबावं लागतं, मागे यावं लागतं, वळावं लागतं आणि मग पुन्हा वेग घ्यावा लागतो. तेवढ्या वेळात पलीकडे बास्केट झालेलं असतं. म्हणून या खेळात 'पिक'ची, म्हणजे समोरच्याच्या वाटेत खुर्ची उभी करून त्याला अडवण्याची, किंमत उभ्या खेळापेक्षा कितीतरी जास्त.

समजा समोरच्या संघाचा उंच चारवाला रिबाउंड हरला आणि आता त्याला बचावासाठी परत पळायचं आहे. त्याने पहिला पुश देण्याआधीच आपला एकवाला त्याच्या मार्गात आडवा येऊन उभा राहतो. फूटरेस्टचा दांडा त्याच्या मोठ्या चाकाला लागेल इतका जवळ, पण धक्का न देता. तो डावीकडे वळला की एकवाला अर्धा पुश मागे, तो उजवीकडे वळला की अर्धा पुश पुढे. याला आम्ही 'बॅक पिक' म्हणतो. उंचवाला तिकडे अडकला की पुढे चार विरुद्ध चार, आणि त्यांच्या चारांत उंचवालाच नाही. स्कोअरशीटवर बास्केट दुसऱ्याच्या नावावर लागतं, पण सामना इथे फिरलेला असतो. पुढच्या वेळी बघायला याल तेव्हा थोडा वेळ बॉल सोडून फक्त कमी पॉइंटवाल्याकडे बघा.

५. माझा पाय गुडघ्याखाली कापलेला आहे. मी कृत्रिम पाय लावून चालतो, गाडीही चालवतो. मला घेतील का?

घेतील. रोजच्या आयुष्यात व्हीलचेअर वापरलीच पाहिजे अशी अट नाही. तुमच्यासारखे खेळाडू बहुधा ४.० किंवा ४.५ मध्ये बसतात. या खेळातला सर्वांत मोठा मानला जाणारा खेळाडू, कॅनडाचा पॅट्रिक अँडरसन, याचे दोन्ही पाय वयाच्या नवव्या वर्षी दारू प्यायलेल्या ड्रायव्हरच्या गाडीखाली गुडघ्याखालून गेले. त्याने २०००, २००४ आणि २०१२ अशी तीन पॅरालिम्पिक सुवर्णं जिंकली. तो साडेचारचाच.

६. गुडघ्याचं लिगामेंट गेलंय, किंवा एक पाय थोडा आखूड आहे. एवढ्यावर चालेल का?

इथे जपून. आंतरराष्ट्रीय खेळण्यासाठी एक किमान पात्रता लागते, आणि ती मधल्या काळात कडक झाली. २०२० च्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने या खेळाच्या महासंघाला बजावलं की वर्गीकरण (खेळाडूंची पात्रता आणि पॉइंट ठरवणं) आमच्या नियमांशी जुळवा, नाहीतर टोकियो पॅरालिम्पिकमधून खेळच बाहेर काढू. मग ४.० आणि ४.५ च्या खेळाडूंची नव्याने तपासणी झाली. कॅनडाचा डेव्हिड एंग २००४ आणि २०१२ चा सुवर्णविजेता, रिओला देशाचा ध्वज घेऊन चाललेला. तोसुद्धा अपात्र ठरला. त्यामुळे तुमचा प्रकार सीमेवरचा असेल तर खेळायला जरूर या, पण खुर्ची घेण्यासाठी कर्ज काढण्याआधी वर्गीकरण करून घ्या.

७. घरातल्या खुर्चीवर खेळलं तर चालेल ना?

पहिले काही दिवस शूटिंग आणि पासिंग करायला चालेल. सामन्याला नाही. फोल्डिंगची खुर्ची पहिल्या टकरीत वाकते, वळताना उलटते आणि तिचे हॅन्डल दुसऱ्याच्या बरगडीत जातात.

खेळाच्या खुर्चीची फ्रेम न दुमडणारी असते. चाकं वरून आत आणि खालून बाहेर अशी तिरपी असतात. त्याला कॅम्बर म्हणतात. त्यामुळे खुर्ची जागच्या जागी वळते आणि टक्कर झाली की बोटांऐवजी चाकाचा खालचा भाग आपटतो. मागे उलटू नये म्हणून छोटं अँटी-टिप चाक. ब्रेक आणि गिअरला परवानगी नाही. मोठ्या चाकाचा व्यास ६९ सेंटिमीटरपर्यंत. सीटची उंची ३.० पॉइंटपर्यंतच्यांना जास्तीत जास्त ६३ सेंटिमीटर, ३.५ पासून वरच्यांना ५८. कमी पॉइंटवाले मात्र ही सूट सहसा वापरत नाहीत. आम्ही सीट मागे खोल उतरती ठेवतो, गुडघे वर आणि पोटावर पट्टा, म्हणजे धड सावरतं. या बैठकीला 'बकेट' म्हणतात. दुसऱ्याच्या बकेटमध्ये बसून खेळणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून वाचणं. म्हणून माप घेऊनच खुर्ची करा.

८. एवढ्या महागड्या खुर्चीचे पैसे कुठून आणायचे?

बाहेरून मागवलेली चांगली खुर्ची लाखांत जाते. देशात बनलेली त्यामानाने स्वस्त. सरकारी शिबिरांत अ‍ॅलिम्कोची (दिव्यांगांची साधनं बनवणारी सरकारी कंपनी) साधनं मिळतात ती रोजच्या वापराची असतात, ती बदलून खेळाची खुर्ची मिळेल या आशेवर राहू नका. कंपन्यांचा सीएसआर निधी, रोटरी-लायन्ससारखे क्लब, आणि जुन्या खेळाडूची वापरलेली खुर्ची हे मार्ग चालतात. अर्ज एकट्याच्या नावाने करण्यापेक्षा संघाच्या नावाने पाच खुर्च्यांसाठी करा. देणाऱ्याला उद्घाटनाचा फोटो मिळतो, आपल्याला संघ मिळतो. टायर, ट्यूब आणि बेअरिंगचा खर्च दरवर्षीचा, तो कुणीच देत नाही. तो धरून चाला.

९. नागपुरात सराव कुठे करता येईल?

नागपूर हे जुनं बास्केटबॉलचं गाव. शिवाजीनगर, धरमपेठ, धंतोली या भागांत पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ चालतो, त्यामुळे रिंग शोधत फिरावं लागत नाही. आत कसं शिरायचं हा प्रश्न असतो. कुठे गेटला उंबरा, कुठे प्रेक्षकांच्या पायऱ्यांतूनच रस्ता. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात इनडोअर हॉल आहे आणि क्रीडा खात्याचं विभागीय कार्यालयही तिथेच आहे, म्हणून परवानगीचा अर्ज तिथून सुरू करा. मेट्रो स्टेशनांना लिफ्ट आहेत, पण मानकापूरला मेट्रो जात नाही. पुढचा रस्ता ऑटोचाच, आणि खुर्ची पाहून न थांबणारे ऑटोवाले काही कमी नाहीत.

जागा ठरवण्याआधी टॉयलेटच्या दाराची रुंदी टेपने मोजा. एका हॉलमध्ये आम्हाला रॅम्प दाखवला, नवा, रंग दिलेला, आणि टॉयलेटचं दार मात्र खुर्चीपेक्षा अरुंद. अशा ठिकाणी पोरं सकाळपासून पाणी पिणं बंद करतात. त्याचं पुढे काय होतं ते प्रश्न ११ मध्ये आहे.

१०. भावाच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन थोडेच महिने झाले. कधीपासून पाठवू?

हाड जुळलं का, हे ऑपरेशन करणारे डॉक्टर सांगतील. त्यांच्या होकाराशिवाय कुणीही, माझ्यासकट, 'या' म्हणू नये. मेडिकल, मेयो, एम्स, जिथे दाखवत असाल तिथल्या फिजिओला सरळ विचारा की 'टक्कर होणारा खेळ' चालेल का. नुसतं 'खेळ' म्हटलं तर ते कॅरम समजून हो म्हणतात.

दुसरी गोष्ट कातडीची. जिथे संवेदना नाही तिथे जखम कळत नाही. खेळाच्या खुर्चीत पट्टे आवळलेले, घामाने कपडा ओला, आणि माकडहाडावर घासणं चालू. रोज रात्री आरशात किंवा मोबाइलने फोटो काढून बूड, टाचा, घोटे तपासायचे. लाल डाग दिसला आणि थोड्या वेळात गेला नाही तर खेळ बंद, बसणंही कमी. बेडसोअर (दाबाने होणारी जखम) एकदा खोल गेला की महिनेच्या महिने पालथं पडून राहावं लागतं. आखूड शॉर्ट्स, मागच्या खिशात मोबाइल, जाड शिवणीची जीन्स, हे सगळं बाद. आणि तो खेळायला तयार नसेल तर ओढून आणू नका. नुसतं बघायला आणा.

११. मे महिन्यातही सराव चालतो का?

चालतो, पण पहाटे. नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा चालत्या माणसाची जी गत होते, त्याहून मणक्याच्या दुखापतवाल्याची वाईट. दुखापतीच्या पातळीखाली घाम नीट येत नाही, म्हणून अंग थंडच होत नाही. दुखापत जितकी वर, तितका धोका जास्त. पोरगा कोरडा ठणठणीत दिसतो आणि आतून तापलेला असतो. म्हणून स्प्रेची बाटली, मानेवर ओला टॉवेल, दर काही मिनिटांनी सावली, आणि गरगरतंय म्हणाला की लगेच बाहेर. उन्हात ठेवलेल्या खुर्चीचा पुशरिम (चाक ढकलायची कडी) आणि फ्रेम हात लावून बघितल्याशिवाय बसू नका. मांडीला चटका बसलेला कळणार नाही.

पाणी कमी पिऊन लघवी टाळणं हा आपल्याकडचा सर्रास उद्योग. त्याने इन्फेक्शन होतं, मूतखडे होतात. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत दुखापत असेल तर तुंबलेल्या लघवीने रक्तदाब एकदम भडकू शकतो. डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं ही त्याची खूण. आधी ब्लॅडर रिकामं करायचं, पट्टे सैल करायचे, तरी उतरला नाही तर थेट दवाखाना. अंगात जोर येतो म्हणून मुद्दाम तसं करणारे परदेशात सापडले आहेत. त्यावर बंदी आहे आणि जीवही जाऊ शकतो.

१२. खुर्ची उलटली तर उचलायला धावायचं का?

आईबाबांनी नाही. खेळाडूला धोका असेल तर पंच खेळ थांबवतात, नाहीतर खेळ चालू राहतो. चारवाले स्वतःच हातावर जोर देऊन उभे राहतात. आम्हा खालच्यांना संघातले किंवा बेंचवरचे लोक उचलतात. पडताना हात मागे टेकायचा नाही, हनुवटी छातीला लावायची. हे पहिल्याच आठवड्यात गादीवर शिकवतात.

१३. मुलगी आहे. तिच्यासाठी हा खेळ आहे का? बाहेरगावी कसं पाठवणार?

महिलांचा व्हीलचेअर बास्केटबॉल पॅरालिम्पिकमध्ये १९६८ पासून आहे. काश्मीरमधल्या बारामुल्ल्याची इशरत अख्तर २०१६ मध्ये घराच्या वरच्या मजल्यावरून पडली आणि २०१९ मध्ये थायलंडमधल्या पट्टायाला भारताकडून खेळली. बडगामची इन्शा बशीरही अशीच पडून जखमी झालेली, ती जम्मू-काश्मीरच्या संघाची कर्णधार झाली. त्या भागातून पोरी निघतात तर वर्धा-भंडाऱ्यातून काहून निघू नये?

पण काळजी खरी आहे, ती झटकून टाकत नाही. संघाबरोबर महिला मॅनेजर आहे का, राहायची खोली तळमजल्यावर आहे का, बाथरूममध्ये खुर्ची जाते का, हे तीन प्रश्न संघटनेला लेखी विचारा. उत्तर न देणाऱ्यांबरोबर पाठवू नका. एक व्यवहाराची गोष्टही आहे. मुलींत खेळाडू कमी, त्यामुळे मेहनती मुलीला राज्य संघाचा दरवाजा लवकर उघडतो.

१४. राज्य आणि भारताच्या संघात निवड कशी होते?

देशात हा खेळ व्हीलचेअर बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया बघते. ती २०१४ मध्ये सुरू झाली, कार्यालय चेन्नईत, अध्यक्ष माधवी लता. त्या स्वतः पोलिओ झालेल्या आणि पॅरा जलतरणपटू. रस्ता असा: राज्य संघटनेची निवड चाचणी, मग राष्ट्रीय स्पर्धा, तिथून शिबिर, शिबिरातून संघ. निवड करताना १४ ची बेरीज डोळ्यांसमोर असते. त्यामुळे 'मी त्याच्यापेक्षा जास्त बास्केट केले, तरी तो कसा गेला' ही तक्रार करण्याआधी त्याचा आणि तुमचा आकडा बघा (प्रश्न २). 'पैसे भरा, इंडिया जर्सी घ्या' म्हणणारे फोन येतात. फेडरेशनकडे खात्री केल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

१५. खेळाची खुर्ची रेल्वेने कशी न्यायची?

चाकं क्विक-रिलीजची असतात, बटण दाबलं की निघतात. चाकं बर्थखाली, फ्रेम दाराजवळ साखळीने बांधून. ज्यांना सोबतीशिवाय प्रवास करता येत नाही अशा अस्थिव्यंग प्रवाशांना आणि त्यांच्या सोबत्याला स्लीपर व थ्री-एसीत ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेचं सवलतीचं ओळखपत्र आधीच काढून ठेवा. चेन्नईला जायला जीटी आणि तामिळनाडू एक्सप्रेस नागपूरवरूनच जातात, पण गाडी थांबते ती काही मिनिटंच. आठ-दहा खुर्च्या चढवायला पोरं प्लॅटफॉर्मवर आधीच ठरवून उभी करा.

१६. यात करिअर आहे का? नोकरी सोडून पूर्ण वेळ खेळू का?

नोकरी सोडू नका. जर्मनी, स्पेन, इटली, तुर्कस्तानात क्लबांच्या लीग आहेत आणि तिथे खेळून पगार मिळतो. गलातसराय हे नाव फुटबॉलमुळे माहीत असेल, त्यांचाही व्हीलचेअर संघ आहे. अमेरिकेत इलिनॉयसारखी विद्यापीठं या खेळाचे संघ ठेवतात. आपल्याकडे असा पगारी क्लब नाही. राष्ट्रीय स्पर्धेला जाऊन आलेली पोरं परत आल्यावर मोबाइल दुरुस्ती, डीटीपी, झेरॉक्सचं दुकान, कॉल सेंटर, बँक हेच करतात आणि पहाटे सराव करतात.

आधी शिक्षण आणि नोकरी, त्याला जोडून खेळ, हाच क्रम मी प्रत्येकाला सांगतो. २०१७ ला मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरणात सुवर्ण जिंकणारी कांचनमाला पांडे नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करत पोहत होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. खेळ तुम्हाला दुसरं काही देतो. हातांत ताकद येते, स्वतः खुर्चीतून कमोडवर, कमोडवरून खुर्चीत जाता येतं, आणि घरच्यांशिवाय गावाबाहेर राहायची सवय होते. या तिन्ही गोष्टी नोकरीला लागताना पदकाहून जास्त उपयोगी पडतात. हे मी एका मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिलं आहे.

१७. राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र सरकारी नोकरीत चालतं का?

महाराष्ट्रात खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. कोणता खेळ, कोणती स्पर्धा आणि कितवा क्रमांक ग्राह्य, हे शासन निर्णयात लिहिलेलं असतं. अर्ज भरायच्या दिवशी लागू असलेला निर्णय वाचा, मित्राने सांगितलेला नव्हे. खेलो इंडिया पॅरा गेम्स डिसेंबर २०२३ मध्ये पहिल्यांदा दिल्लीत झाले तेव्हा त्यात आपला खेळ नव्हता. तेव्हा 'खेलो इंडियाचं सर्टिफिकेट काढून देतो' म्हणणाऱ्याला आधी विचारा, कोणत्या खेळाचं? दिव्यांग कोटा (प्रश्न १६) आणि खेळाडू कोटा या वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हीचे कागद वेगळे ठेवा.

१८. भारत पॅरालिम्पिकमध्ये या खेळात का दिसत नाही?

कारण आपण अजून पात्र ठरलेलो नाही. खेळ १९६० च्या रोमपासून पॅरालिम्पिकमध्ये आहे आणि आपलं फेडरेशन २०१४ चं. त्यात आशिया-ओशनिया गटातून जपान, ऑस्ट्रेलिया, इराण, चीन यांना मागे टाकायचं. पॅरिसला २०२४ मध्ये पुरुषांत अमेरिका सलग तिसऱ्यांदा जिंकली, महिलांत नेदरलँड्स. त्यांच्याकडे शाळेपासून लीग आहे. आपल्याकडे शाळेत खुर्चीवरचा मुलगा पीटीच्या तासाला वर्गात बसून दप्तरं सांभाळतो.

१९. माझं वय ३८. उशीर झाला का?

पॅट्रिक अँडरसन पॅरिसला ४५ व्या वर्षी खेळला. अर्थात तो लहानपणापासून खेळत होता. तुम्हाला राज्य संघ नक्की मिळेल असं म्हणत नाही, पण खेळता येईल. खांदे तेवढे जपा. आपल्यासाठी खांदे हेच पाय आहेत. दिवसभर खुर्ची ढकलायला, बिछान्यातून उठायला, सगळ्याला तेच लागतात. पाठीच्या वरच्या स्नायूंचा व्यायाम करा, आणि वजन आटोक्यात ठेवा. सरावानंतरचे तर्री-पोहे एक प्लेट, दोन नाही. खेळ थांबला तरी कोचिंग, क्लासिफायरला मदत, टेबलवर स्कोअर धरणं ही कामं आहेत, आणि त्यांना माणसं कमी पडतात.

२०. माझा मित्र धडधाकट आहे. तोही खुर्चीत बसून खेळू शकतो का?

कॅनडात स्थानिक लीगमध्ये असे खेळाडू ४.५ धरून खेळवतात. आपल्याकडच्या अधिकृत राष्ट्रीय स्पर्धेत नाही. सरावाला मात्र जरूर आणा. रविवारी कधी नऊच जण जमतात आणि दहावा मिळत नाही. त्याला सांगा, पाय स्ट्रॅपने बांधावे लागतील, नाहीतर सवयीने तो उठून उभा राहतो. आणि येताना सायकलचा पंप घेऊन ये म्हणावं, आमचा गळतो.